पणजोबा जहाजाच्या यादीत सापडत नाहीत, तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुनेचे पणजोबा १९०७ च्या सुमारास पोलंडच्या बाजूनं अमेरिकेत आले, शिकागोच्या कत्तलखान्यांत राबले आणि तिथंच वारले. घराण्याचं आजचं आडनाव कोव्हल. मूळचं कोवाल्चिक होतं, ते ‘एलिस आयलंडवरच्या (न्यू यॉर्क बंदरातल्या, स्थलांतरितांची तपासणी होई त्या बेटावरच्या) कारकुनानं छाटलं’ असं सगळे सांगतात. कागदोपत्री नाव जॉर्ज, पण पणजी त्यांना वॉयचेख म्हणत. कुठं देश ‘ऑस्ट्रिया’ लिहिलाय, कुठं ‘पोलंड’. एलिस आयलंडच्या ऑनलाइन इंडेक्समध्ये जॉर्ज कोव्हल टाकलं की कुणीच येत नाही आणि कोवाल्चिक टाकलं की थवाच येतो. तर मूळ गाव शोधायचं कसं?

खरं आडनाव न देता उदाहरणाला हे नाव घेतलंत ते बरं केलंत. पोलंडमध्ये कोवाल्चिक इतकं सर्रास आहे की या शोधातल्या सगळ्या अडचणी त्यात येतात.

आधी उत्तर, मग खुलासा. जहाज तूर्त बाजूला ठेवा. माणूस उतरला तिथून नाही, मेला तिथून सुरुवात करायची आणि एकेक कागद मागं यायचं. जहाजाच्या यादीला हात शेवटी लावायचा. बहुतेक जण उलटं करतात, कारण एलिस आयलंडची सूची फुकट आहे, चटकन उघडते आणि तिला एक वलयही आहे. पण एकट्या १९०७ साली त्या बेटावरून दहा लाखांहून जास्त माणसं आत गेली. त्या गर्दीत ‘वॉयचेख कोवाल्चिक, वय २४’ असे अनेक निघणार, आणि आपला कोणता हे ओळखायला तुमच्या हातात आज काहीच नाही. जन्मतारीख, आगमनाचं नेमकं साल, बायकोचं माहेरचं नाव, भावाचा पत्ता, असं काहीतरी आधी हाती लागायला हवं. ते सगळं शिकागोत आहे.

त्याआधी ती कारकुनाची गोष्ट निकालात काढू. प्रवाशांची यादी एलिस आयलंडवर तयारच होत नव्हती. बोट निघायच्या बंदरावर, म्हणजे ब्रेमेन, हँबर्ग, रॉटरडॅम, अँटवर्प अशा ठिकाणी, जहाज कंपनीची माणसं ती भरायची. न्यू यॉर्कचा तपासनीस हातातल्या यादीवरून प्रश्न विचारायचा, खुणा करायचा आणि माणूस पुढं सोडायचा. नवं नाव बहाल करणारा कागद तिथं दिलाच जात नव्हता. नावं बदलली ती नंतर: मुकादमाला उच्चारता येईना म्हणून, पोरांच्या शाळेत, पगाराच्या वहीत. पुष्कळांनी नागरिकत्व घेताना रीतसर बदलून घेतली. १९०६ च्या कायद्यानं त्याच अर्जात तशी सोय होती. तेव्हा जहाजाच्या यादीत ‘जॉर्ज कोव्हल’ शोधणं सोडा. त्या नावाचा माणूस बोटीत चढलाच नव्हता.

जॉर्जचं कोडंही सोपं आहे. वॉयचेख हे नाव अमेरिकनांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या नावाची माणसं सर्रास जॉर्ज किंवा अल्बर्ट झाली. अल्बर्ट येतं ते चर्चच्या लॅटिनमधून, तिथं वॉयचेखचं आडालबेर्टुस व्हायचं. म्हणजे शोधताना तीनही नावं तुमच्याजवळ हवीत.

आणि ऑस्ट्रिया? १७९५ ते १९१८ पोलंड हा देशच नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. क्राकूव्ह, तार्नूव्ह, लव्हूव्ह हा ऑस्ट्रियाचा वाटा, त्याला गॅलिशिया म्हणत. कागदांवर दोन देश असणं ही चूक नाही, उलट ती चांगली बातमी आहे. दोन तृतीयांश नकाशा एका झटक्यात बाद झाला.

आता शिकागो. पहिला कागद मृत्यूचा दाखला. त्यात आईवडिलांची नावं असतात, पण ‘माहिती देणारा’ हा रकाना आधी वाचा. तिथं मुलगा किंवा जावई असेल तर वारलेल्याच्या आईचं माहेरचं नाव अंदाजपंचे असू शकतं. त्यानं तिला पाहिलेलंही नसतं. माणसानं हयातीत स्वतः भरलेला कागद आणि त्याच्याबद्दल दुसऱ्यानं भरलेला कागद यांत मी नेहमी पहिल्याला झुकतं माप देतो.

मग जनगणना. व्यक्तीची माहिती ७२ वर्षं बंद असते, त्यामुळं १९५० पर्यंतच्या जनगणना आज खुल्या आहेत. तुमच्या कामाच्या १९१०, १९२०, १९३० आणि १९४०. १९१० मध्ये मातृभाषा विचारली होती, म्हणून ‘ऑस्ट्रिया-पोलिश’ असा जोड दिसेल. १९२० मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान इथं जन्मलेल्यांसाठी प्रगणकांना खास सूचना होती की नुसता देश नको, प्रांत किंवा शहर लिहा. सगळ्यांनी पाळली असं नाही, पण ‘गॅलिशिया’ दिसायची आशा तिथंच सर्वांत जास्त. त्याच वर्षी नागरिकत्व मिळाल्याचं सालही विचारलं होतं. रकान्यात ‘एन ए’ म्हणजे नागरिक झाला, ‘पी ए’ म्हणजे नागरिकत्वाचे पहिले कागद भरले, ‘ए एल’ म्हणजे परदेशीच. आगमनाचं साल मात्र तीन जनगणनांत तीन वेगळी सापडली तर दचकू नका. दारात उभ्या असलेल्या प्रगणकाला बायकोनं किंवा भाडेकरूनं सांगितलेलं ते साल असतं. १९४० मध्ये तरी ज्यानं माहिती दिली त्याच्या नावापुढं वर्तुळात फुली केलेली दिसते; त्याआधी तीही सोय नाही.

जनगणनेचं पान बघताना आपलं कुटुंब सापडलं की लोक पान मिटतात. मिटू नका. त्या घरात राहणारे भाडेकरू, वरच्या मजल्यावरचं कुटुंब, शेजारचं दार, सगळं उतरवून घ्या. या वस्त्यांत माणसं गावकऱ्यांच्या आधारानं येत, एकाच खोलीत चौघं पाचजण एका गावचे असत. तुमच्या कोवाल्चिकांचं गाव त्यांच्या स्वतःच्या एकाही कागदावर नसेल आणि भाडेकरूच्या कागदावर लख्ख असेल, असं अगदी होऊ शकतं.

लष्करी नोंदणीची कार्डं विसरू नका. पहिल्या महायुद्धात नागरिक नसलेल्यांनाही नाव नोंदवावं लागलं होतं. ५ जून १९१७ च्या कार्डावर जन्मगाव विचारलं होतं. १२ सप्टेंबर १९१८ च्या कार्डावर नाही. पणजोबा तेव्हा २१ ते ३० च्या दरम्यान असतील तर पहिल्या कार्डात नशीब उघडेल. नसतील तर १९४२ च्या एप्रिलमधली प्रौढ पुरुषांची नोंदणी बघा. त्यात पुन्हा जन्मस्थळ आहे. सही माणसाची स्वतःची असते आणि त्या सहीत त्याला आपलं आडनाव कसं लिहिता यायचं ते कळतं. पुढं इंडेक्स चाळताना याचा फार उपयोग होतो.

सर्वांत दाट माहिती नागरिकत्वाच्या कागदांत. २७ सप्टेंबर १९०६ ही तारीख लक्षात ठेवा. तिच्याआधी कोणतंही न्यायालय आपापल्या पद्धतीनं नागरिकत्व देई आणि कागदावर बहुधा नाव, देश आणि ज्या राजाची निष्ठा सोडली त्याचं नाव, एवढंच असे. तिच्यानंतर देशभर एकच नमुना आला. इराद्याचं पत्र म्हणजे पहिले कागद: जन्मतारीख, जन्मगाव, उंची, डोळ्यांचा रंग, जहाजाचं नाव, निघालेलं बंदर, उतरल्याची तारीख, शेवटचा परदेशी पत्ता. त्यानंतर दोन ते सात वर्षांच्या आत प्रत्यक्ष अर्ज: बायको, मुलं, त्यांच्या जन्मतारखा, दोन साक्षीदार. आणि २९ जून १९०६ नंतर आलेल्यांसाठी सरकार स्वतः जहाजाच्या यादीत नाव शोधून आगमनाचा दाखला जोडत असे. म्हणजे तुम्ही आज जे शोधताय ते एका सरकारी कारकुनानं शंभर वर्षांपूर्वी शोधून ठेवलंय. १९०७ साली आलेल्या माणसाच्या बाबतीत ही फाइल मिळवण्याआधी जहाजाच्या याद्या उपसणं म्हणजे हातच्या काकणाला आरसा.

शिकागोसाठी उत्तर इलिनॉयच्या नागरिकत्व अर्जांचा १८४० ते १९५० चा इंडेक्स फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. कार्डावर न्यायालय आणि अर्जाचा क्रमांक मिळतो, तो घेऊन मूळ फाइल मागवायची. संघराज्याच्या न्यायालयाची असेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या शिकागो शाखेकडून, शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीच्या न्यायालयाची असेल तर तिथल्या क्लार्कच्या दप्तरातून. कार्डाला फाइल समजू नका. साक्षीदारांची नावं कार्डावरही दिसली तर ती टिपून ठेवा. साक्षीदार बहुधा मेव्हणा नाहीतर गाववाला.

बायकांबद्दल एक सूचना. १९२२ च्या सप्टेंबरपर्यंत विवाहित स्त्रीला नागरिकत्व नवऱ्याबरोबर आपोआप मिळे, त्यामुळं पणजींच्या नावाचा वेगळा अर्ज शोधून थकू नका. आणि पणजोबांनी नागरिकत्व घेतलंच नसेल तर १९४० ची परदेशी नागरिकांची नोंदणी आहे. १४ वर्षांवरच्या प्रत्येकाला ती सक्तीची होती. ही फाइल इमिग्रेशन खात्याच्या वंशावळ विभागाकडं मागता येते. शुल्क पडतं आणि महिने जातात, म्हणून अर्ज लवकर करा आणि बाकीचं काम चालू ठेवा.

चर्चच्या नोंदवह्या मी मुद्दाम वेगळ्या सांगतोय, कारण गाव मिळण्याची खरी जागा पुष्कळदा तीच असते. कत्तलखान्यांमागच्या ‘बॅक ऑफ द यार्ड्स’ वस्तीत पोलिशांची स्वतःची चर्चं होती, धर्मगुरू पोलिश, नोंदी लॅटिनमध्ये. लग्न लावताना हा धर्मगुरू वधूवरांचं गाव विचारून घेई आणि त्याला ते बरोबर लिहिताही येई, कारण तोही त्याच मुलखातला. अमेरिकन कारकुनाच्या कानानं लिहिलेल्या गावापेक्षा ही नोंद कितीतरी भरवशाची. शिकागोच्या कॅथलिक चर्चांच्या १८३३ ते १९२५ पर्यंतच्या पुष्कळ नोंदवह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्चवर आहेत. पणजोबांचं लग्न शिकागोत झालं असेल तर मी मृत्यूच्या दाखल्याच्या आधीसुद्धा इथं डोकावेन.

आता इंडेक्स का फसवतात ते. इंडेक्स म्हणजे मूळ नोंद नव्हे; कुणीतरी घाईत लिहिलेलं अक्षर दुसऱ्या कुणीतरी पडद्यावर वाचून टंकलेलं असतं. मोडीची घसरती ओळ देवनागरीत उतरवताना जे होतं तेच इथं. कोवाल्चिकच्या रोमन लिपीतल्या स्पेलिंगमध्ये ‘सी’ आणि ‘झेड’ शेजारीशेजारी येतात. तो ‘सी’ किंचित मिटला की ‘ई’ वाचला जातो. पहिला ‘के’ कधी ‘आर’ होतो. एवढ्यानं तुमचा माणूस इंडेक्समधून गायब.

यावर साउंडेक्स नावाचा उपाय जुना आहे: पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे, एकूण तीन आकडे. म्हणजे स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा असेल तर कोड एकच यावा. पण पोलिश नावांची यात पंचाईत होते. पोलिश पद्धतीनं ‘डब्ल्यू’ घालून लिहिलेल्या कोवाल्चिकचा कोड येतो के-४२२. तेच नाव अमेरिकन कानानं ‘व्ही’ घालून लिहिलं की होतो के-१४२. साउंडेक्स ‘डब्ल्यू’ला मोजतच नाही आणि ‘व्ही’ला १ देतो. कानाला एकच नाव, पेट्या दोन वेगळ्या. शिकागोचा वर सांगितलेला नागरिकत्वाचा इंडेक्स साउंडेक्सप्रमाणेच लावलेला आहे, तेव्हा दोन्ही कोड बघा आणि छाटलेल्या कोव्हलचा के-१४० सुद्धा. पूर्व युरोपातल्या नावांसाठी १९८५ मध्ये डाइच-मोकोटॉफ ही सुधारित पद्धत आली, ती ‘डब्ल्यू’ आणि ‘व्ही’ एकच धरते. जिथं तो पर्याय दिसेल तिथं तोच निवडा.

दुसरी युक्ती म्हणजे आडनाव टाकायचंच नाही. नाव वॉयचेख, वय दोन वर्षं इकडंतिकडं, आगमनाचं साल, राहतं गाव किंवा जहाज, बस. स्टीफन मोर्स यांच्या ‘वन-स्टेप’ संकेतस्थळावरून एलिस आयलंडची सूची अशी आडवीतिडवी शोधता येते. हे गृहस्थ इंटेलच्या ८०८६ चिपचे शिल्पकार. त्यांनी नंतर वंशावळकारांवर उपकार केले ते वेगळेच.

एव्हाना जन्मतारीख, जहाज आणि तारीख हाती असेल, तर आता यादी उघडा. १९०७ पासूनचा नमुना समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला आहे. इंडेक्सवरून जे चित्र उघडतं ते डावं पान. त्यावर वय, व्यवसाय, शेवटचं गाव, आणि मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातलगाचं नाव व पत्ता. हा शेवटचा रकाना सोन्याचा: ‘वडील अमुक, गाव तमुक’. उजवं पान पुढच्या चित्रात असतं आणि ते न बघता परत फिरणारे भरपूर. त्यात तिकिटाचे पैसे कुणी भरले, खिशात किती डॉलर, आधी अमेरिकेत होता का, कुणाकडं चाललाय, त्याचा पत्ता, आणि टोकाला जन्मस्थळ. ‘मेव्हण्याकडं, शिकागो, अमुक रस्ता’ असं असेल तर तो पत्ता १९१० च्या जनगणनेतल्या पत्त्याशी आणि मेव्हण्याचं नाव पणजींच्या माहेरच्या नावाशी ताडून बघा. तिन्ही जुळले की थव्यातला आपला माणूस ठरला. नुसतं नाव आणि वय जुळलं म्हणून ठरवू नका.

नावाशेजारी फुली किंवा ‘एस आय’ (म्हणजे विशेष चौकशी) असेल तर माणसाला अडवून ठेवलं होतं. मग त्या जहाजाच्या यादीच्या शेवटी अडवलेल्यांची वेगळी यादी बघा. अडवण्याचं कारण, कुणाच्या ताब्यात दिला, आणि किती वेळा जेवला तेही तिथं मिळतं, कारण जेवणाचं बिल जहाज कंपनीच्या माथी मारायचं असे. व्यवसायाच्या रकान्यावर वेगळ्या शाईत आकडे खरडलेले दिसले तर ती बहुधा नंतर नागरिकत्वासाठी झालेल्या पडताळणीची खूण. तुमच्या अंदाजाला तो उत्तम दुजोरा.

यादीत नसलेच तर? बंदर दुसरं असेल. ब्रेमेनहून बाल्टिमोरला थेट बोटी येत आणि तिथून रेल्वे आत जाई. फिलाडेल्फिया, बोस्टन, कॅनडाचं क्वेबेक हेही मार्ग. कॅनडातून सरहद्द ओलांडणाऱ्यांच्या नोंदी १८९५ पासून सेंट ऑल्बन्स (अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातलं सरहद्दीजवळचं ठिकाण) इथल्या याद्यांत आहेत. हँबर्गहून निघाले असतील तर तिथल्या निर्गमन-याद्या १८५० ते १९३४ च्या बऱ्यापैकी शाबूत आहेत. ब्रेमेनच्या मात्र जवळजवळ सगळ्या गेल्या. शिवाय हे लोक ये-जा करत. १९०७ ची खेप दुसरी असू शकते आणि पहिली १९०३ ची.

गावाचं नाव मिळालं की नवी कटकट: डोंब्रोवा, व्होला अशा नावांची गावं पोलंडात पैशाला पासरी. जिल्हा किंवा चर्चचा परगणा कळल्याशिवाय पुढं जाऊ नका. १८८० ते १९०२ दरम्यान निघालेला पोलिश भौगोलिक कोश ऑनलाइन आहे; त्यात गावापुढं परगणा दिलेला असतो. परगणा ठरला की गेनेतेका हा पोलिश वंशावळ संस्थेचा फुकट इंडेक्स आणि सरकारी अभिलेखागारांचं ‘शुकाय व आर्खिवाख’ हे संकेतस्थळ. जुन्या वह्या बऱ्याचदा तार्नूव्ह किंवा प्शेमिश्लसारख्या धर्मप्रांताच्या दप्तरात असतात, तिथं पत्र लिहावं लागतं. पोलंडच्या नियमानं जन्माच्या नोंदी शंभर वर्षांनी आणि लग्न-मृत्यूच्या ऐंशी वर्षांनी अभिलेखागाराकडं जातात, म्हणजे पणजोबांच्या जन्मनोंदीला कायद्याची आडकाठी नाही.

गॅलिशियातल्या या वह्या लॅटिन रकान्यांच्या, वाचायला वाटतात तेवढ्या अवघड नाहीत. आडालबेर्टुस शोधा आणि तारखेशेजारचा घर क्रमांक आधी टिपा. एका गावात दोन वॉयचेख कोवाल्चिक एकाच वर्षी जन्मलेले असले तरी घरं वेगळी असतात. मग त्याच घर क्रमांकावरची भावंडं, लग्नं, मृत्यू एकेक करून वेगळे काढता येतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांबरोबर बऱ्याचदा दोन्हीकडच्या आजोबा-आजींची नावंही असतात.